स्टॅम्पपेपरवरचा जावई

...अन् वरून मले म्हन्ते, "काका, हा तुमचाच जावई हाये याचा पुरावा आना!" आता जावयाचा काय पुरावा असते हो? जावई म्हन्जे काय लाइटीचं बिल हाये, काढलं खिशातून अन् मारली झेरॉक्स? सरका बरं जरासे, बसू द्या बाकावर... हा डब्बा धरा दोन मिनिटं. उभा धरा, आडवा नका करू, अनारसे हायेत त्याच्यात. हसू नका! पुरावा म्हून आनले मी. त्या मॅडमनं डब्ब्यात वाकून पायलं अन् मले म्हन्ते, "काका, हे अपलोड नाई होत."

तुमी पासपोर्टवाले न? मंग तुमचं काय बाप्पा, फोटो काढला, आंगठा टेकवला, निंघाले. माही खिडकी ती कोपऱ्यातली, परदेशी लोकायच्या नोंदीची. आक्ख्या अकोल्यात त्या खिडकीपुढं एकच मानूस बसलेला दिसन तुमाले, तो मी! अन् मी कुठचा? बाळापूर नाक्याचा! पासपोर्ट नाई मापाशी. लय गेलो तं अमरावतीले गेलो, एक खेप बायकोले, आमच्या इंदूले, घेऊन रिद्धपूरच्या देवाले गेलो. मले तं पुनं बी परदेशच वाटते. तरी तीन सालापासून मी या परदेशी खिडकीचा गिऱ्हाईक. इथचा चहावाला मले इचारते, "काका, तुमी कोन्या देशाचे?" आता याच्यात माही काही चुकी हाये काय, तुमीच सांगा!

पयल्यापासून सांगतो, तुमचा नंबर लागाले टाइम हाये. मी शालिकराम उंबरकार. एकतीस वर्षं लोकायचे मीटर वाचले. लाइटीच्या खात्यात होतो, सायकलवर. तुमाले सांगतो, मले मानसाचं तोंड पाहाचं कामच नाई, मीटर पायलं का घर समजते. पोट्ट्यायच्या परीक्षा हायेत, युनिट वाढले. पोट्टी सासरी गेली, युनिट पडले. अन् बुढा एकटा रायला असन न, तं महिन्याचे तीस. एक लाइट, एक पंखा, अन् टीव्ही, तोबी आवाजासाठी. मी तो आकडा लिहो अन् मनात म्हनो, बिचारा. आमचा एकच कायदा होता, जो आकडा दिसन तोच लिहाचा, आपल्या मनचा नाई. मंग रिटायर झालो, इंदू गेली एकवीस सालात, अन् एक दिवस माह्याच घरचं बिल आलं. युनिट किती? तीस! मी बिल उलटं करून पायलं, मांगं काही लिहून हाये काय म्हून.

पोट्टी हाये एक, मोनाली. कॅनडात. जावई पियुष, पुन्याकडचा, कॉम्प्युटरवाला. सतराच्या डिसेंबरात लगन झालं, अठराच्या एप्रिलात दोघं उडाले. अन् मे महिन्यात काय लागला? अधिक महिना! आता तुमी मले सांगा, तीन सालातून एकदा येनारा महिना, जावयाचा हक्काचा महिना, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, त्याच्यावर दिवा, जावयाले कपडे... अन् जावई इमानात! एक महिना थांबता नसतं आलं? इंदूनं तरी पीठ केलं. तीन दिवस तांदूय भिजवले, रोज पानी बदललं, कुटले, गूय घातला, गोये करून बरनीत भरले. म्हने, "येईनच न कधी." नाई आला. पुढचा अधिक आला वीस सालात. तवा तं आक्खं जग दाराले कडी लावून बसलं होतं. तिनं परत पीठ केलं! मी म्हन्लं, अवं कोनासाठी? म्हने, "सवय नको सुटाले." ते अनारसे मीच खाल्ले, जावयाच्या वाट्याचे. तेविसाच्या अधिकाची तिनं वाट पायली नाई.

पोट्टीचं काय म्हन्ता? पोट्टीची चूक नाई बाप्पा. तिथं म्हने नागरिक व्हाचं असलं तं सरकार दिवस मोजते. देशाच्या बाहेर पाय टाकला का तेवढे दिवस तुटले. फोन केला का एकच, "बाबा, आत्ता आले ना तर माझे दिवस जातील. अजून थोडेच राहिलेत!" अन् मांगून पियुषचा आवाज, "हॅलो बाबा, सगळं ओके ना?" हो बाप्पा, ओके. त्याले ओके सोडून दुसरं काही सांगाले मले आठ सालात टाइमच भेटला नाई. इंदू गेली तवा इमानं बंद होते, फोनवरच पायलं पोट्टीनं. लय रडली. इकडं मी फोन धरून उभा, तिले नीट दिसावं म्हून.

तं अशा घरात, तेविसाच्या जानेवारीत, हा आला. रशियाचा! सव्वासहा फूट, पांढरा फटक, दाराच्या चौकटीले डोकं आपटून आत आला. नाव ग्लेब. आमच्या इकडच्या कृषी विद्यापीठात कापसाच्या झाडाच्या मुयावर शिकाले आलता. वरची खोली मोनालीची, रिकामीच होती. ती देल्ली त्याले भाड्यानं. दुसऱ्या दिवशी समजलं, घरी परदेशी मानूस ठेवला का चोवीस घंट्यात सरकारले कयवा लागते, फारम भरा लागते. गेलो चौकातल्या नेटवाल्या रूपालीकडं. ती इचारते, "काका, पत्त्याचा पुरावा?" लाइटीचं बिल! छाती फुगली माही. "काका, या मानसाशी तुमचं नातं?" आता बसल्याबसल्या काय नातं? म्हन्लं, लिही पोरी, भाडेकरू. असं साफ लिहून देल्लं होतं मी. आता याच्यात माही काही चुकी हाये काय, तुमीच सांगा!

हा ग्लेब इवानोवो म्हून गावचा. साऱ्या कपड्याच्याच गिरन्या तिथं. बाप नाई, माय एकटी. बाविसाच्या सप्टेंबरात तिकडं लढाईले पोट्टे बोलावनं सुरू झालं, हा एक बॅग घेऊन निंघाला. रस्त्यानं, लायनीत दोन दिवस उभा राहून, जॉर्जिया. तिथून सर्बिया. सर्बियात काय, तीस दिवस राहा, मंग देशाच्या बाहेर निंघा! तं हा दर तीस दिवसानं बसमंदी बसे, शेजारच्या देशात जाऊन चहा पिए, अन् वापस येऊन नवे तीस दिवस घे. मंग इथची शिकाची सीट भेटली. त्याच्या मायच्या घरी फौजेची चिठ्ठी येऊन पडलेली. वापस गेला का धरलाच समजा. त्याच्याजवय एक फाइल होती, तुमाले सांगतो, लोकं पोट्टं जपत नाई अशी जपे. एक दिवस खोलून दाखवली. म्हने, "काका, पाय. साऱ्या कागदावर तारीख. ह्या तारखेले निंघ. त्या तारखेले निंघ." इथचा रहिवासाचा परवानाबी एका सालाचा. एकतीस डिसेंबरले खतम.

हो, मंग! मराठी बोलते तो! मराठी काय, आपली बोली बोलते. माह्याजवयच शिकला, दुसरं होतं कोन? जूनपर्यंत "काहून बे" म्हनाले लागला. भाजीवालीले म्हने, "माय, वांगे चांगले पाहून दे वं." मे महिन्यात तं त्याचे हालच झाले. पंचेचाळीस डिग्री! ओली चादर पांघरून कूलरपुढं बसे अन् म्हने, "काका, फौजेत गेलो असतो तं बरं असतं." दोन कूलर चालू, वर त्याचा कॉम्प्युटर, खाली आमचा दोघायचा चहा दिवसातून सहा खेपा. जूनचं बिल आलं. दोनशे दहा युनिट! लोकं बिल पाहून कपायाले हात लावते, मी पेढे वाटाचा बाकी होतो. बिल भिंतीले लावलं मी, टाचनीनं. खरं सांगतो, मले रडू आलं ते बिल पाहून.

अन् मंग लागला अधिक. तेविसाचा, अधिक श्रावन. मोहल्ल्यात घरोघरी जावई येऊन राहिले. बाजूच्या मानिकबाईकडं आला, पंजाबरावकडं दोन आले. मी फोन केला कॅनडात. "बाबा, तुम्हाला माहीत आहे ना... दिवस!" मी म्हन्लं, ओके. फोन ठेवला, अन् फळीवर पायलं तं इंदूची बरनी. मंग काय माह्या मनात आलं, मलेच माहीत. काढली तिची वही, घातले तांदूय भिजू. तिसऱ्या दिवशी ग्लेब म्हन्ते, "काका, याचा वास येऊन राहिला, फेकू काय?" म्हन्लं, हात लावशीन तं पाय!

पयला अनारसा तुपात सोडला अन् तो हसला. हसला म्हन्जे समजलं न, पसरला साऱ्या कढईभर! दुसरा हसला. तिसराबी हसला. घरभर धूर, भिताडावरून मानिकबाई वरडते, "अवो शालिकभाऊ, घर जायता काय?" तिनं येऊन मले बाजूले सारलं, पिठात आनखी काय घातलं तिलेच माहीत, अन् तेहतीस अनारसे काढले, एकाहून एक जायीदार! मंग काय, मोहल्ल्यात बातमी फिरली. पाटावर बसवलं याले, मांडी बसेना, गुडघे कानाले लागून राहिले. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, बायायनं ओवायलं. ग्लेब हे नाव कोनाच्या तोंडात बसे? मानिकबाई म्हने, "घ्या गुलाबराव, लाजू नका, सासर हाये तुमचं!" झालं. त्या दिवसापासून गुलाबराव. चौदा अनारसे खाल्ले पठ्ठ्यानं! चौदा! मी मोजत होतो.

लोकं गेल्यावर मले इचारते, "काका, हे काय होतं?" मी सांगितलं, बावा, हे जावयाचं असते. माहा जावई तं आला नाई, बरनी रिकामी नको राहाले म्हून तुले बसवलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मंग म्हने, "काका, चार देशाचे कागद हायेत मापाशी. साऱ्यायनं मले इचारलं, कधी जातं? कोनी मले बसवलं नाई." अन् वाकून पाया पडला. उठताना कपाय आपटलं फळीले, बरनी पडता पडता वाचली. आता याच्यात माही काही चुकी हाये काय, तुमीच सांगा!

चुकी डिसेंबरात निंघाली. परवाना वाढवाचा होता. चौकशीले आला पोलिसातला शिपाई देवानंद. आमी दोघं घरी नाई, बाजारात. तं तो बिचारा शेजारीपाजारी इचारत फिरला, "वर कोन राहते?" मानिकबाई म्हने, "शालिकभाऊचे जावई." पंजाबराव म्हने, "शालिकचा जावई, गुलाबराव." इस्त्रीवाला म्हने, "जावईबापू? लय सादा मानूस!" सात घरं, सात जबाब, सारे एकच! मानिकबाईनं तं वरून सांगितलं, "चौदा अनारसे खाल्ले हो!" तेबी लिहिलं त्यानं. कागदावर काय गेलं? 'सदर परदेशी इसम हा घरमालकाचा जावई असल्याचे परिसरातील नागरिक एकमुखाने सांगतात.' घ्या! फारमवर काय? अविवाहित, विद्यार्थी, भाडेकरू. अन् रिपोर्टात जावई!

बोलावनं आलं. हीच खिडकी, ह्याच गीतांजली मॅडम. आत साहेब. साहेब इचारते, "लग्न कधी झालं? लपवलं का?" हा उठला अन् म्हन्ते काय, "साहेब, मले काहून बोलावलं बाप्पा, मी तं कोनाचं काही घेतलं नाई!" साहेबाच्या हातातला पेन खाली पडला. म्हने, "एका वर्षात अशी वऱ्हाडी? ही बायकोशिवाय कोणी शिकवत नाही!" आता घ्या! बुढ्यानं शिकवली म्हन्लं तं कोन मानते?

मी सारं सांगितलं. इंदू, बरनी, पीठ, सारं. साहेबानं आयकून घेतलं, मानूस चांगला. म्हने, "काका, मला कळतं हो. मलाही यंदा सासऱ्यांनी ताट दिलं. पण माझा कागद वर जातो. वर कोणाला अनारसे सांगू? तुम्ही असं करा, हा तुमचा जावई नाही, हे सिद्ध करा." जावई नाई हे कसं सिद्ध कराचं? लावला फोन कॅनडात, साहेबाच्या टेबलावरून. मोनालीचा आवाज चढला, "बाबा! तुम्ही कोणाला जावई केलं? मला न विचारता?" मांगून पियुष, "हॅलो बाबा, सगळं ओके ना?" म्हन्लं, बाप्पा, आज नाई. आज नाई ओके. आठ दिवस राहिले हायेत, परवाना नाई वाढला तं पोट्टं वापस जाईन, अन् तिथं फौजवाले वाटच पाहून राहिले. मंग मोनालीनं लेखी पाठवलं, मी एकुलती एक, माहा नवरा माह्याजवय कॅनडात, तो गुलाबराव माह्या ओयखीचा नाई.

तेवढ्यानं भागलं नाई. स्टॅम्पपेपर पायजे. झाडाखाली अनुप वकील बसते, त्याच्याकडून लिहून घेतलं. 'मी शालिकराम डोमाजी उंबरकार, वय सदुसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर इसम हा माझा जावई नाही. माझा त्याच्याशी रक्ताचा, लग्नाचा वा इतर कोणताही संबंध नाही.' इतर कोनताही! मी म्हन्लं, अनुप, तेवढं इतर काढता येईन काय? म्हने, "काका, इतर नसलं का कागद कच्चा." वरून एक ओळ त्यानं स्वतःच्या हुशारीनं टाकली, 'तसेच माझा कोणीही जावई परदेशी नागरिक नाही.' म्हने, "पक्कं काम करतो मी!" ते साहेबापुढं वाचून दाखवा लागलं. मोठ्यानं. तो बाजूले उभा. संबंध नाही म्हन्लं, अन् गीतांजली मॅडमनं पानी देल्लं. मंग त्याचा नंबर, त्यानंबी वाचलं, मी यांचा जावई नाही, यांचा माझा काही संबंध नाही. त्याची शुद्ध मराठी मी पयल्यांदाच आयकली. मले नाई आवडली.

परवाना भेटला. एकतीस डिसेंबरले, चार वाजता. घरी आलो. मंग चहा मांडला अन् तो म्हने, "काका, खोटं लिहिलं आपन." म्हन्लं, लिहिलं बावा, तारीख वाढली न? पी चहा. अन् मोहल्ल्याले काय, स्टॅम्पपेपर थोडी वाचाले भेटते? सकायी मानिकबाई भिताडावरून, "गुलाबराव, चटनी पाठवली सासऱ्याजवय!"

पंचविसात त्याचं शिकनं झालं. तिकडं अर्जेंटिनात बी कापूस होते म्हने, तिथं नोकरी लागली. अन् तिथं म्हने दोन साल राहिलं का नागरिकच करते! तारीख नसलेला कागद! मले फाइल दाखवून लहान पोट्ट्यावानी नाचला तो. मीबी हासलो. मीच सांगितलं, जाय बाप्पा, काहून थांबतं? तो गेला, ताटातला तांब्याचा दिवा कापडात गुंडायून घेऊन गेला. म्हने, "जावयाचा हक्क असते, मानिकबाईनं सांगितलं." नोव्हेंबरचं बिल आलं. तीस. मीटर खराब असन म्हून मी टॉर्च घेऊन पाहून आलो. मीटर चांगलं हाये.

आता आयका, आता खरी गोष्ट. या जानेवारीत मोनालीचे दिवस भरले. दोघायनं हात वर करून शपथ घेतली, मी फोनवर पायली. झाले दोघं कॅनडाचे! "बाबा, आम्ही येतोय! मे महिन्यात!" मी पंचांग पायलं, अधिक! चौथ्या अधिकाले जावई येऊन राहिला! मी तांदूय भिजू घातले. अन् मंग रूपाली म्हन्ते, "काका, ते दोघं आता परदेशी न? फारम भरा लागन." माह्या पोट्टीचं! माह्या घरी, तिच्याच खोलीत राहाले! चोवीस घंट्यात! तेबी भरलं. नातं? लिही पोरी, लेक. अन् याचं? लिही, जावई! मोठ्या अक्षरात लिही!

दोन दिवसात फोन. "काका, या." गीतांजली मॅडमच्या हातात तोच स्टॅम्पपेपर! "काका, तुम्हीच लिहून दिलंय, माझा कोणीही जावई परदेशी नाही. मग हा कोण? तेव्हाचं खोटं का आत्ताचं?" म्हन्लं, मॅडम, तवाचं खरं होतं, आताबी खरं हाये, मधात त्यायनं शपथ घेतली! लग्नाचं सर्टिफिकेट? ते कॅनडात, कपाटात. साहेब बदलून गेले, नवे साहेब म्हन्ते, मोहल्ल्यात चौकशी करा, मागच्या खेपेस चौकशीतच घोय झाला होता. अनुप वकिलाले इचारलं तं म्हने, "कागद पक्काच केला होता काका!"

आले न ते, आले! सहा दिवसाची सुट्टी, चार दिवस पुन्याले, दोन दिवस माह्याकडं. ताट मांडलं. पियुष पाटावर बसला, मोबाइल मांडीवर. अनारसा हातात घेतला अन् म्हन्ते, "बाबा, मी साखर सोडलीय." म्हन्लं, गुयाचा हाये. "तेच ते बाबा." अर्धा खाल्ला. मोनालीकडं पाहून खाल्ला. वाईट नाई बिचारा, पान्याच्या बाटल्या सोबत घेऊन आलता, मले त्रास नको म्हून. मोनाली बरनी जवय धरून बसली होती जराशी. मंग गाडी आली, गेले. खोलीत कूलर चालूच राहिला होता, मीबी बंद नाई केला संध्याकायपर्यंत.

अन् काल आला देवानंद. मोबाइलमंदी पियुषचा फोटो. घरोघरी इचारून राहिला, "हा शालिकरामचा जावई काय?" मानिकबाईनं चष्मा लावला, पायलं, म्हने, "हा? हा कोन बाप्पा? हा परवा गाडीतून उतरताना दिसला. शालिकभाऊचे जावई तं गुलाबराव!" पंजाबराव म्हने, "छ्या! आमी पायला न जावई, असा उंचापुरा!" इस्त्रीवाला म्हने, "जावईबापू परगावी गेले, येतीन." सात घरं, सात जबाब! देवानंद माह्या बाजेवर येऊन बसला, घाम पुसत म्हन्ते, "काका, काय लिहू आता?"

मी काय सांगनार? एकतीस वर्षं मीटर वाचले. म्हन्लं, लिही बाप्पा, जो आकडा दिसून राहिला तोच लिही. आपल्या मनचा नाई लिहाचा.

त्यानं लिहिलं. अन् म्हून मी आज इथं! स्टॅम्पपेपर म्हन्ते ज्याच्याशी संबंध नाई, मोहल्ला म्हन्ते तोच जावई. सर्टिफिकेट म्हन्ते जो जावई, त्याले मोहल्ला वयखत नाई. आता याच्यात माही काही चुकी हाये काय, तुमीच... हो हो मॅडम, आलो, आलो! द्या तो डब्बा... नाई, राहू द्या, तुमच्याजवयच राहू द्या. अपलोड तं होत नाई. बत्तीस हायेत अन् एक अर्धा, मी मोजले. घ्या, तुमीबी घ्या, त्या बाईलेबी द्या, लाजू नका. खा बाप्पा कोनीबी, नातं नाई इचारत मी.